मागच्या गेटचे सर

मी प्रवासाची डायरी खोटी लिहिली. सात दिवसांची डायरी, सातव्या दिवशी, ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर, एका हातानं नूडल्स खात, वीस मिनिटांत. रोजची रोज लिहिली आहे असं वाटावं म्हणून मध्ये दोनदा पेनही बदललं. खोटं पकडलं जाऊ नये म्हणून मी जेवढी अक्कल खर्च केली, त्यातली चिमूटभर खरं लिहिण्यात घातली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

डायरी सरांची होती. म्हणजे सरांच्या अभ्यासासाठी होती. सर आमचे भाडेकरू.

सिंगापुरात सेरंगूनला आमच्या कॉन्डोतल्या, म्हणजे गेट-गार्डवाल्या सोसायटीतल्या, फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी पडून होती आणि सर इथल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या करारावर आले होते. मूळचे नाशिकचे, वय पन्नाशीच्या पुढे, बायको पुण्याला कॉलेजात शिकवते. अंगानं काटकुळे, कमरेला एक पाऊच, हातात कायम मिटलेली छत्री. खोली बघायला आले तेव्हा मी विचारलं, "विषय काय तुमचा?" तर म्हणाले, "शहराचा आकार आणि माणसाचं जाणं-येणं. रस्ते, भिंती, गेटं कशी मांडली आहेत, त्यावर माणूस चालणार की गाडी काढणार हे ठरतं. माणसाला वाटतं आपण ठरवतो."

मी म्हणालो, "वा, इंटरेस्टिंग."

बँकेत आयटी मॅनेजर असल्यामुळे हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा वापरतो. त्यावर समोरचा समजून गप्प बसतो. सर पाऊण तास बोलले.

खोली बघायला आलेल्या माणसानं खोली बघावी. यांनी आमच्या दारापासून ओट्यापर्यंत पावलं मोजली आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, या चपलांच्या कपाटाला तुम्ही दिवसातून किती वेळा वळसा घालता?"

"कधी मोजलं नाही."

"मोजत नाही हो कुणी," सर इतक्या खिन्नपणे म्हणाले की आमचं काहीतरी फार मोठं चुकलं आहे असं तिला वाटलं. आठ दिवसांत कपाट बाल्कनीत गेलं. ओट्याची वाट सरळ झाली. पुढची दोन वर्षं आम्ही दारात चपला काढून, त्या हातात घेऊन, सगळं घर ओलांडून बाल्कनीत ठेवायला जात होतो. हे मी सरांच्या नजरेला आणून दिलं तेव्हा ते म्हणाले, "ही दिवसातून दोनच वेळा होणारी फेरी आहे. वहिनींची जास्त होते." यावर बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कपाटाचा विषय कायमचा सोडला.

माणसं भेटल्यावर "कसे आहात?" विचारतात. सर "कसे आलात?" विचारत.

"सहजच आलो," समोरचा म्हणे.

"सहज म्हणजे बसनं का एमआरटीनं?" एमआरटी म्हणजे इथली मेट्रो.

सुरुवातीला लोकांना गंमत वाटायची. मग आमच्याकडे गणपती बसला. इथली मराठी मंडळी दीड दिवसात पन्नास घरचे गणपती करतात, त्यामुळे प्रत्येकाला घाई. आरतीला टाळ्या वाजवायच्या, मोदक घ्यायचा, पुढच्या घरी पळायचं. सर आमच्या दारात स्टूल टाकून बसले आणि येणाऱ्याला कुठून निघालात, मध्ये कुठं उतरलात, किती चाललात, हे विचारून वहीत लिहू लागले. लोकांना वाटलं कॉन्डोनं पाहुण्यांची नोंद करायला माणूस बसवला आहे. एका वहिनींनी तर निमूट आपला पासपोर्ट काढून पुढे केला. बाहेर लिफ्टपर्यंत रांग, आत मोदक गार, आणि बायको मला खुणावते आहे की त्यांना उठव. मी गेलो आणि म्हणालो, "सर, आरती घ्या ना."

"दोन मिनिटं. हे गृहस्थ तीन बस बदलून आलेत. का, ते कळत नाहीये."

"सर, ते मध्ये दोन गणपती करून आलेत."

"हां!" सरांचा चेहरा इतका उजळला की त्या माणसानंच घाबरून त्यांना नमस्कार केला.

त्यांना एखाद्या कामाला पाठवणं म्हणजे ते काम आपल्यालाच परत करावं लागणं. एका रविवारी बायकोनं लिटिल इंडियातून मेथीच्या दोन जुड्या आणायला सांगितल्या. चार तासांनी सर आले. हातात मेथी नाही, कढीपत्ता नाही, फक्त एक कागद. दुकानांपुढच्या कमानीखालच्या वाटेत लोक केळ्यांचे घड, फुलांच्या परड्या आणि उभे राहून गप्पा मारणारी माणसं चुकवत कसे चालतात, त्याच्या रेघा. "वहिनी, एकही माणूस सरळ चालत नाही, पण एकही दुसऱ्याला धडकत नाही!" त्या दिवशी मेथीच्या पराठ्यांऐवजी आम्ही टोस्ट खाल्ला. सरांनीही खाल्ला, तारीफ करून.

ईस्ट कोस्टच्या सहलीचं तर मी नावच काढत नाही. म्हणजे काढतोच. सरांनी सुचवलं की एकाच ठिकाणी पोचायचं तर चौघांनी चार वाटांनी जाऊ, मजा येईल. मी बसनं, बायको एमआरटीनं, मुलगी सायकलनं. आम्ही तिघं समुद्राकाठी घामाघूम पोचलो. सर आले नाहीत. डबा त्यांच्या पिशवीत. शेवटी फोन लागला. ते अजून सेरंगूनच्या बसस्टॉपवरच होते. तिथं एक पोरगी बस आली तरी चढत नव्हती, पुढची आली तरी चढत नव्हती, आणि ती नेमकी कुठल्या बसची वाट पाहते हे कळल्याशिवाय सरांना निघवत नव्हतं.

"तिचा मित्र येणार असेल, सर!" मी समुद्रावर ओरडलो.

"शक्य आहे," सर म्हणाले. "अजून दहा मिनिटं बघतो."

आमची मुलगी पंधरा वर्षांची. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत, तेही इथल्या, शेवटी "ला" लावणाऱ्या. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, नेक्स्ट टाइम रेंट द रूम टु समवन नॉर्मल, ला."

आता ते दुसऱ्या देशात आहेत. अधूनमधून फोन येतो. तब्येत, घर, पोरगी, यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "आज ऑफिसला कसे गेलात?" आणि दोन सेकंद शांतता. त्या दोन सेकंदांत मी अजूनही घामाघूम होतो. त्याचं कारण पुढे.

सरांचं एक आवडतं वाक्य होतं. "माणसाचं तोंड ऐकू नका, टाचा बघा." चपलेची टाच कुठून झिजली आहे त्यावरून माणूस किती चालतो, उतरणीवर चालतो की जिन्यावर, हे त्यांना कळे. आमच्या चेअरमनना पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, "तुम्ही गाडीतून गाडीत राहता." चेअरमन म्हणजे आमच्या कॉन्डोच्या मॅनेजमेंट कमिटीचे अध्यक्ष. निवृत्त इंजिनियर, अत्यंत सभ्य चिनी गृहस्थ. त्यांना ते बोलणं आवडलं नाही. पण ते खरं होतं हे तर त्यांना त्याहूनही आवडलं नाही.

आणि याच चेअरमननी मागचं गेट बंद करायचं ठरवलं.

आमच्या कॉन्डोला दोन गेटं. पुढचं मोठं, मोठ्या रस्त्यावर, गाड्यांचं, गार्ड असलेलं. मागचं लोखंडी, दीड माणसाच्या रुंदीचं, कार्ड टेकवून उघडायचं. मागून बाहेर पडलं की गल्ली, गल्लीपलीकडे बाजार, बाजाराला लागून वृद्धाश्रम, आणि त्याच बाजूला पुढे एमआरटी स्टेशन. पुढून त्याच ठिकाणी जायचं तर सगळ्या भिंतीला वळसा घालायचा आणि रस्त्यावरचा पादचाऱ्यांचा ओव्हरहेड ब्रिज चढून उतरायचा. एकदा कुणी परका माणूस मागच्या गेटनं येऊन आमच्या पोहण्याच्या तलावात पोहून गेला. त्यानं बाकी काही केलं नाही, पोहला आणि गेला. पण कमिटी हादरली. शिवाय चेअरमननी कार्डाच्या नोंदी काढल्या. मागच्या गेटला दिवसभरात जेमतेम कुणी कार्ड टेकवत होतं. वापरतच नाही कुणी, तर ठेवायचं कशाला? प्रस्ताव वार्षिक सभेत येणार होता.

सरांना हे कळलं आणि त्यांची झोप उडाली. कारण त्यांना माहीत होतं की त्या गेटच्या फटीत कुणीतरी एक तुटकी रबरी चप्पल अडकवून ठेवतं. सकाळी एकजण कार्ड टेकवतो, चप्पल अडकवतो आणि दिवसभर सगळं कॉन्डो बिनकार्डाचं ये-जा करतं. यंत्रात नोंद एका माणसाची.

सगळ्यांत जास्त ये-जा तळमजल्यावरच्या आंटींची. ऐंशीच्या आसपास, गुडघ्याला पट्टा, हातात चाकांची पिशवी. त्यांचा नवरा त्या वृद्धाश्रमात. तो दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही, म्हणून या रोज सकाळी पेजेचा डबा घेऊन मागच्या गेटनं जात. पाच मिनिटांची वाट. आंटी इंग्रजीच बोलत, पण त्यांचं इंग्रजी मी मराठीतच देतो. त्यातला "ला" मात्र भाषांतरात बसत नाही, तो तसाच ठेवतो. सरांनी त्यांना विचारलं, "गेट बंद झालं तर?" त्या म्हणाल्या, "तर म्हातारा उपाशी, ला. दुसरं काय?"

तेव्हापासून सर पहाटे उठून मागच्या गेटजवळच्या झाडाखाली उभे राहू लागले. हातात गणनेचं यंत्र, माणूस गेला की टिक. आणि नुसतं मोजून भागणार नाही म्हणून कॉन्डोतल्या काही घरांना त्यांनी आठवडाभराची डायरी दिली. कधी निघालात, कशानं, कुठल्या गेटनं, वाट कशी वाटली. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. "नाव माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही," असं त्यांनी प्रत्येकाला बजावलं. बायकोचा नंबर सहा. माझा सात.

बायकोनं रोज लिहिलं. मी सहा दिवस विसरलो आणि सातव्या दिवशी नूडल्स.

आता, आळसानं खोटं लिहिणं एक वेळ क्षम्य आहे. मी हौसेनं लिहिलं. खरं म्हणजे मी एमआरटी स्टेशनपर्यंतसुद्धा टॅक्सीनं जातो, तीन बसस्टॉपांचं अंतर. हे कागदावर फार वाईट दिसत होतं. म्हणून मी स्वतःला जरा सुधारलं. पुढच्या गेटनं निघालो, भिंतीच्या कडेनं चाललो, ब्रिज चढलो. 'वाट कशी वाटली' या रकान्यात मी लिहिलं, "लांबची आहे, पण झाडांखालून. मन प्रसन्न होतं. ब्रिजचे जिने म्हणजे फुकटचा व्यायाम." मागच्या गेटचा मला विचारच सुचला नाही, कारण ते मी कधी वापरलंच नव्हतं.

त्या रात्री जेवताना सर आनंदानं डोलत होते. "वहिनी, एक माणूस सापडलाय. नाव नाही सांगत. जवळची वाट सोडून लांबच्या वाटेनं जातो, का, तर झाडं आहेत! पुस्तकात असतो हो असा माणूस, प्रत्यक्षात मिळत नाही." आणि माझ्याकडे न बघता, पण इतक्या मायेनं हसले की बायकोला ठसका लागला.

स्वयंपाकघरात तिनं मला धरलं. "तू? झाडांखालून?"

"हळू बोल."

"आत्ता जा आणि सांगून टाक त्यांना."

"अगं, एवढ्या कागदांत एका कागदानं काय होतंय?"

"तुला काय होतंय ते विचार ना. लाज वाटत्ये, दुसरं काही नाही."

वाटतच होती. म्हणूनच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मी तुमच्याबरोबर चालायला येणार नाही. माझ्यामुळे तुमचं चालणं बदलेल." मी सुटलो म्हणेपर्यंत कळलं की ते आता मागच्या गेटचं आटोपून ऐन माझ्या निघायच्या वेळी पुढच्या गेटपाशी मोजायला उभे राहणार आहेत. झालं. रोज सकाळी मी बॅग खांद्याला लावून, छाती काढून, सरांसमोरून चालत बाहेर पडू लागलो. कोपरा वळलं की झुडपाआड टॅक्सी उभी. एकदा टॅक्सीवाल्या काकांनी विचारलं, "घरासमोरून का नाही बसत? बायकोशी भांडण?" मी म्हणालो, "भाडेकरूशी." त्यांनी आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी काढली. काय समजले कोण जाणे.

सभा शनिवारी दुपारी, तलावाशेजारच्या फंक्शन रूममध्ये. सर भाडेकरू, त्यांना मत नव्हतं, पण बोलायची परवानगी मिळाली होती. त्यांनी अहवालाच्या प्रती वाटल्या. चपलेचा फोटो दाखवला, लोक हसले. कार्डाची नोंद आणि सरांची टिकटिक शेजारीशेजारी मांडली, लोक गंभीर झाले. पुढच्या रांगेत आंटी पिशवी मांडीशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, जिंकलं.

मग चेअरमन उठले. त्यांनी अहवाल नीट वाचला होता. हे फार थोडे लोक करतात आणि जे करतात ते भीतीदायक असतात.

"प्रोफेसर, पुढचा रस्ता लांब आणि त्रासाचा आहे असं तुम्ही म्हणता. पण तुमच्याच अहवालातले सात नंबरचे रहिवासी काय म्हणतात, मी वाचतो." आणि त्यांनी स्वच्छ आवाजात वाचलं. झाडांखालून. मन प्रसन्न. फुकटचा व्यायाम. "हे गृहस्थ ऑफिसची बॅग घेऊन रोज ब्रिज चढतात. तक्रार नाही, उलट आनंद. मग प्रश्न अंतराचा आहे, का इच्छेचा?"

माना डोलू लागल्या. मी खुर्चीत इतका खाली सरकलो की माझी हनुवटी बायकोच्या पर्सला टेकली.

सर म्हणाले, "तो एक माणूस आहे."

"मान्य. पण कोण आहेत ते? त्यांनीच सांगितलं तर बरं."

"नाव मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय."

"मग त्यांनी लिहिलेलं खरं नाही, असं तुमचं म्हणणं आहे का?"

इथं सरांनी नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं तरी पुरे होतं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं. सर छत्रीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. ते खोटं कशाला लिहितील? मी स्वतः त्यांना रोज सकाळी चालत बाहेर पडताना पाहिलंय."

आपल्या हातानं आपला खटला त्यांनी बुडवला. माझ्यासाठी. आंटींनी मागे वळून सरांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं नसावं, पण वारं कुठं फिरलं ते कळलं होतं. पिशवीची मूठ त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "उठतोस, का मी उठू?"

मी उठलो. शौर्य वगैरे काही नाही. ती उठली असती तर अजून वाईट झालं असतं.

"सात नंबर मी आहे."

"अरे वा!" चेअरमन मनापासून खूश झाले. "मग तुम्हीच सांगा सगळ्यांना त्या वाटेबद्दल."

"मी चालत जात नाही. टॅक्सीनं जातो."

"पण प्रोफेसरांनी तुम्हाला पाहिलंय."

"टॅक्सी कोपऱ्यावर उभी करतो."

"का?"

"सरांना दिसू नये म्हणून."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. चेअरमन हसले नाहीत. इंजिनियर माणूस, शेवटपर्यंत तपासतो. "आणि ब्रिजचे जिने?"

"इथं राहायला येऊन सहा वर्षं झाली. एकदाही चढलो नाही."

"मी चढले एकदा," आंटी बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मधल्या पायरीवर बसले. मग उठताच येईना, ला. एक पोस्टमन आला, त्यानं उठवलं."

चेअरमननी मतदान घेतलं. हात वर झाले. प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. गेट राहणार, फक्त चप्पल अडकवायची नाही. प्रत्येकानं कार्ड टेकवायचं, म्हणजे नोंद खरी होईल. आंटी चेअरमनपाशी गेल्या आणि कार्ड कसं टेकवायचं ते त्यांनाच विचारू लागल्या.

मला वाटलं, सर येऊन माझा हात हातात घेतील. सर लिफ्टमध्ये भेटले ते भिंतीकडे तोंड करून.

"सर, सॉरी."

"मी तुम्हाला नंबर दिला होता," ते म्हणाले. "नाव सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"पण सर, गेट वाचलं ना!"

"गेट वाचलं. आता सात नंबरचं पान काढायचं, म्हणजे सगळं परत करायचं. आणि एकानं खोटं लिहिलं तर बाकीच्यांनी कशावरून नाही? सहा नंबरलासुद्धा मला आता विचारावं लागणार."

"सहा नंबर मी आहे," बायको तडकून म्हणाली, "आणि मी खरं लिहिलंय."

"तुमचं नावही सांगितलंत? वहिनी, तुम्हीसुद्धा!"

आमचा मजला आला. दार उघडलं तरी सर उतरेनात. मग हळूच म्हणाले, "सगळ्या कॉन्डोच्या टाचा बघितल्या मी. तुमच्या नाही बघितल्या. घरातल्या माणसाच्या कोण बघतं?"

मी खाली माझ्या बुटांकडे पाहिलं. टाचा कोऱ्या करकरीत.

आठवडाभर सर माझ्याशी कामापुरतं बोलले. कागद पुन्हा मांडले, पुन्हा मोजलं, एकेका घरी जाऊन माफी मागून पुन्हा विचारलं. मी मदतीला येतो म्हणालो तर म्हणाले, "नको, तुम्ही आकडे सुधाराल." त्यांचं खरं होतं, आणि खऱ्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्या रागातच मी ठरवलं की आता चालायचं. खरोखर. मागच्या गेटनं.

सोमवारी सकाळी बॅग घेऊन निघालो. सर झाडाखाली यंत्र घेऊन उभे होते. मी त्यांना दिसेल अशा बेतानं, संथ चालत गेटपाशी गेलो. कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला, टुंग वाजलं. मी गेट ढकललं. उघडेना. परत कार्ड, परत दिवा, परत टुंग. खांदा लावला. गेट जागचं हलेना. मी सरांकडे पाहिलं. सर वहीत काहीतरी लिहीत होते आणि त्यांची मान वर होईना. तिसऱ्यांदा कार्ड टेकवून मी लाथ मारायच्या बेतात होतो तेवढ्यात मागून चाकांची खरखर आली. आंटी. एका हातात पेजेचा डबा, दुसऱ्या हातात कार्ड. त्यांनी मला कोपरानं बाजूला केलं, कार्ड टेकवलं आणि एका बोटानं गेट आत ओढलं.

सरांच्या हातात टिक वाजलं. एकदाच.

आंटी उंबऱ्यात थांबल्या, मला बुटांपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सभेत एवढं मोठं भाषण केलंस, मला वाटलं कामाचा माणूस आहेस. गेटसुद्धा उघडता येत नाही, ला. तू आपला टॅक्सीनंच जा."